गुलाबाचा फेरफार

बागेत लावण्याजोग्या यच्चयावत झाडांमध्ये गुलाबाइतके शिस्तीत वागणारे झाड दुसरे नाही, अशी त्याची ख्याती आहे आणि ती साधार आहे. जास्वंद आपल्या मर्जीने फोफावते, जाई कोणत्या गजाला विळखा घालील याचा नेम नसतो, आणि बोगनवेलीच्या हाती एकदा कुंपणाची वहिवाट आली, की ती शेजाऱ्याच्या हद्दीतही बिनदिक्कत अतिक्रमण करते; गुलाब मात्र ठरवून दिलेल्या कमरेएवढ्या उंचीत, ठरवून दिलेल्या हंगामात, ठरवून दिलेल्या रंगाचे फूल बिनतक्रार हजर करतो. देशावरच्या बागांतून त्याचे वार्षिक वेळापत्रक पिढ्यान्‌पिढ्या बसून गेलेले आहे. पाऊस ओसरला, की पाणी तोडून झाडाला ताण द्यायचा. बुंध्याभोवतीची माती हलक्या हाताने काढून मुळ्या काही दिवस उन्हाला दाखवायच्या. दसरा-दिवाळीच्या दरम्यान कात्री चालवून गुडघ्याएवढ्या काड्या तेवढ्या ठेवायच्या. मग आळ्यात कुजलेले शेणखत घालून माती पुन्हा लोटायची आणि भरपूर पाणी द्यायचे. त्यानंतर दीड-दोन महिन्यांत, थंडीने हवा स्वच्छ झालेली असताना, पहिला बहर येतो. या व्यवहारात माणूस काय देतो आणि झाड काय देते याचा जमाखर्च इतका चोख असतो, की ज्याची सारी चाकरी महसुलाच्या दफ्तरात गेली अशा माझ्यासारख्याला निवृत्तीनंतर गुलाबाचाच नाद लागावा, यात नवल करण्याजोगे काही नव्हते.

आमच्या पुण्याच्या घरी, पश्चिमेकडील निजायच्या खोलीच्या खिडकीखाली, ‘पीस’ जातीचा एक गुलाब पुष्कळ वर्षांपासून आहे. फूल मोठे, सायीच्या रंगाचे, पाकळ्यांच्या कडांना गुलाबी छटा. पान जाड, गर्द आणि तकतकीत. गेल्या वर्षीच्या श्रावणात या झाडाच्या मधोमध एक धुमारा निघाला. धुमारा निघणे ही पावसाळ्यातली नित्याची गोष्ट. परंतु गुलाबाचा कोणताही सुज्ञ धुमारा हात-दीड हात वाढतो, त्याची पाने वरवर लहान होत जातात, आणि शेंड्याला कळी धरून तो आपले वाढणे आटोपते घेतो. या धुमाऱ्याने थांबण्याचे नावच काढले नाही. अंगठ्याएवढा जाड, जांभळट तांबूस रंगाचा, अंगावर अजून न निबरलेले, नखाने सहज निघावेत असे अर्धपारदर्शक लाल काटे, आणि शेंड्याला कळीच्या जागी पुन्हा घट्ट मिटलेली पालवीच, असा तो सरळ वर चढत राहिला. गणपती आले तोवर तो खिडकीच्या गजांना घासून झडपांच्या वर गेला होता, आणि नवरात्रात पन्हळीला टेकला. बाकीचे झाड जिथल्या तिथे, कमरेएवढेच. खिडकी लावणे जेव्हा अशक्य झाले, तेव्हा या प्रकरणाची घरात रीतसर दखल घेतली गेली. “अहो, तुमचा तो गुलाब आत यायला निघालाय. एक तर त्याचा काही बंदोबस्त करा, नाहीतर मला त्या खिडकीला जाळी बसवून द्या,” असे आमच्या मंडळींनी फर्मावले.

आमचे माळीबुवा आळीतल्या तीन-चार घरांची बाग सांभाळून आठवड्यातून एकदा आमच्याकडे येतात. त्यांनी फाटकातूनच झाडाकडे पाहून निकाल दिला : “अण्णा, चोर हाय त्यो. कापून टाकतो.”

हा आरोप समजण्यासाठी कलमी गुलाबाची रचना ध्यानात घ्यावी लागते. रोपवाटिकेतून आपण एक झाड म्हणून जे आणतो, ती वस्तुतः दोन झाडांची जोडणी असते. खाली एखाद्या दणकट, काटक गुलाबाचा खुंट असतो. त्याच्या सालीला ‘टी’ अक्षराच्या आकाराची चीर देऊन साल अलगद उचलतात, हव्या त्या जातीच्या काडीवरचा ढालीच्या आकाराचा डोळा तीत सरकवतात, वरून पट्टीने आवळून बांधतात, आणि डोळ्याने जीव धरून फूट घेतली, की त्याच्या वरचा खुंटाचा सगळा भाग छाटून टाकतात. उत्तर हिंदुस्थानातील मैदानांत खुंटासाठी एडवर्ड नावाचा गुलाब फार चालत आलेला आहे. हिंदी महासागरातल्या रेयुनियों बेटावर, ज्याला तेव्हा बूर्बाँ म्हणत, तेथील शेतांच्या कुंपणात चिनी आणि दमास्कस गुलाबांचा आपोआप संकर होऊन तो १८१७च्या सुमारास जन्मास आला. बंगलोरकडून येणाऱ्या कलमांना बहुधा पूर्व आशियातल्या मल्टिफ्लोरा या रानगुलाबाचा खुंट असतो. या खुंटाने जमिनीखाली राहून पाणी ओढावे, खत पचवावे, वाळवीशी आणि चुनखडीशी झगडावे, आणि फुलण्याचा मान वरच्या डोळ्याला द्यावा, असा हा करार. मात्र जोडाच्या गाठीखालून खुंटाला स्वतःचा फुटवा फुटला, तर सारा रस तिकडे वळतो, वरचे कलम झुरत झुरत एके दिवशी वाळून जाते, आणि घरधनी आल्यागेल्याला सांगू लागतो, की आमचा पिवळा गुलाब होता, माती मानवली नाही, म्हणून आता त्याला पांढरी बारीक फुलांची झुबकी येतात.

या फुटव्याला चोर म्हणण्याची सर्व माळ्यांची पद्धत आहे, आणि त्यांच्या कामाच्या दृष्टीने ती योग्यच म्हटली पाहिजे. तथापि ज्या खात्यात १९४८च्या कूळकायद्याखालची प्रकरणे आम्ही वर्षानुवर्षे हाताळली, १ एप्रिल १९५७ या एकाच तारखेला जमीन कोणाच्या कसणुकीत होती यावरून बापाचे दावे लेकाला आणि लेकाचे नातवाला चालवताना पाहिले, त्या खात्यातल्या माणसाला हा शब्द सहजासहजी उच्चारवत नाही. जमिनीत ज्याची मुळे, जो प्रत्यक्ष कसतो, तो चोर. आणि ज्याला दुसऱ्याच्या अंगात चीर पाडून आणून बसवले, तो मालक! झाडांच्या राज्यात कूळकायदा नाही हे आम्हा फुलांच्या लोभी लोकांचे सुदैवच समजायचे. कारण या रानटी कुळांच्या अंगी केवढा जोम असतो, याचा अनुभव अमेरिकेने घेतलेला आहे. तेथे १९३०नंतर मृदासंधारणाच्या सरकारी खात्याने, जमिनीची धूप थांबावी आणि गुरांना जिवंत कुंपण व्हावे म्हणून, याच मल्टिफ्लोराची रोपे शेतकऱ्यांना उत्तेजन देऊन लावायला लावली. पाखरांनी त्याची लाल बारीक फळे खाऊन बिया रानोमाळ पेरल्या, कुरणेच्या कुरणे काट्यांखाली गेली, आणि ज्याला सरकारने आमंत्रण दिले होते, त्याच्यावर पुढे अनेक राज्यांनी उपद्रवी तण म्हणून हद्दपारीचे हुकूम काढले.

जो गुलाब स्वतःच्याच मुळांवर उभा असतो, त्याचे अर्थात असे दुहेरी खाते नसते. जर्मनीत हिल्डेसहाइम गावच्या कॅथीड्रलच्या भिंतीवर चढलेला, शतकानुशतकांच्या वयाचा एक रानगुलाब आहे. २२ मार्च १९४५च्या बाँबहल्ल्यात ते गाव उद्ध्वस्त झाले, कॅथीड्रल कोसळले आणि त्या गुलाबाचा जमिनीवरचा भाग जळून गेला. पण ढिगाऱ्याखालची मुळे जिवंत होती, त्यांतून त्याच वर्षी नवे धुमारे फुटले आणि पुढल्या वर्षी त्यांवर फुले आली. तो कलमी असता, तर राखेतून वर आला असता तो कोणी दुसराच.

असो. माळीबुवांच्या हातातली कात्री मी थांबवली आणि पंचनामा करायचे ठरवले. गुलाबाची पाने मोजून चोर ओळखण्याची एक कसोटी सर्वत्र सांगितली जाते : एका देठावर पाच दले असली तर घरचा, सात असली तर रानटी. ही कसोटी मला मुळीच मंजूर नाही. धुमारा जोमदार असला, की अस्सल कलमाच्या फांदीवरही सात दलांची पाने खुशाल येतात, आणि नुसत्या पानावरून निवाडा केलेल्या कित्येक चांगल्या फांद्या मी कचऱ्याच्या ढिगावर पडलेल्या पाहिल्या आहेत. खरा पुरावा मातीखाली असतो. खुरप्याने आळे उकरून, मुळांना धक्का न लावता, आम्ही बुंध्यापर्यंत गेलो. लिंबाएवढी सुजलेली, खरबरीत सालीची, वर्षानुवर्षांच्या छाटण्यांचे वण बाळगणारी ती जोडाची गाठ उघडी पडली. तिच्याखाली बुंधा स्वच्छ होता, कोठेही फूट नव्हती. धुमारा निघाला होता तो गाठीच्या वर, चांगला चार बोटे अंतरावर, मागल्या वर्षीच्या एका भरवशाच्या काडीतून. माळीबुवांनी ती जागा बोटाने चाचपून पाहिली, टोपी सारखी केली आणि म्हणाले, “मग अण्णा, ह्याला माज आलाय. दुसरं काय न्हाय.”

त्यांच्या पहिल्या निदानापेक्षा हे दुसरे निदान सत्याच्या पुष्कळच जवळ होते.

हा ‘पीस’ गुलाब मुळात एकच झाड आहे. फ्रान्समध्ये लियों शहराजवळ फ्रांसिस मेयाँ या गुलाबतज्ज्ञाने १९३५ साली केलेल्या संकराच्या बियांतून जी रोपे उगवली, त्यांपैकी ते एक. महायुद्धाचा वणवा पेटण्याच्या तोंडावर त्याचे डोळे जर्मनी, इटली आणि अमेरिकेत रवाना झाले होते, म्हणून देशोदेशी ते वेगवेगळ्या नावांनी वाढले. मेयाँनी स्वतः त्याला आपल्या आईचे नाव दिले; अमेरिकेत मात्र २९ एप्रिल १९४५ रोजी, कॅलिफोर्नियातील पॅसाडेना येथे, ‘पीस’ या नावाने त्याचे बारसे झाले, आणि लगेच सॅन फ्रान्सिस्को येथे संयुक्त राष्ट्रसंघाच्या स्थापनेसाठी जमलेल्या शिष्टमंडळांना त्याचे एकेक फूल देण्यात आले. हिल्डेसहाइमची राख तेव्हा पुरती थंडही झाली नसेल. त्या एका रोपाचे डोळे काढून काढून लक्षावधी कलमे झाली. ती त्याची संतती नव्हेत, ते त्याचेच अवयव आहेत. माणसाच्या वंशात बाप मरतो आणि मुलगा उरतो, मग वारसाची नोंद होते; येथे मरणही नाही आणि वारसाही नाही, एकच देह निरनिराळ्या खुंटांवर, निरनिराळ्या हवामानांत, जगभर पसरून राहिलेला आहे. आमच्या खिडकीखालचा गुलाब त्या देहाचे एक बोट. आणि असा हा देह एवढ्या जागी, एवढ्या वेळा, कोणाच्या देखरेखीशिवाय वाढत असता, त्याच्या एखाद्या डोळ्यात कधीमधी आतल्या आत एखादा फेरफार होतो. पाकळीचा रंग बदलतो, कधी काटे नाहीसे होतात, आणि कधी झुडपाची वेल होते. वेलीच्या रूपातला ‘पीस’ १९५०च्या सुमारास अमेरिकेत अशाच एका फांदीतून मिळवला गेला आणि तेव्हापासून तो रोपवाटिकांच्या यादीत आहे. तेव्हा आमच्याकडे घडले ते काही अपूर्व नव्हते. अपूर्व नसलेली गोष्ट आपल्याच खिडकीत घडली, की तिच्याकडे पाहण्याची दृष्टी निराळी होते एवढेच.

या फेरफाराच्या मुळाशी जी हकीकत आहे, ती मला कोणत्याही पुराणकथेइतकी विस्मयकारक वाटते. रानातला गुलाब वर्षातून एकदा, वसंतात, फुलतो आणि उरलेला काळ निव्वळ वाढतो. आपल्या कुंडीतल्या आणि वाफ्यातल्या गुलाबांच्या पूर्वजांपैकी एक, ज्याला शास्त्रज्ञ जायगँटिया म्हणतात, तो आपल्याच देशात मणिपूरच्या डोंगरांत आहे. जॉर्ज वॉट या वनस्पतिशास्त्रज्ञाला तो १८८२ साली तेथे आढळला. हा महाकाय गुलाब झाडांवरून झाडांवर पन्नास-पन्नास फूट चढत जातो आणि उंच माथ्यावर पंजाएवढी सायरंगी फुले उधळतो. त्याचे रक्त चहागुलाबांच्या मार्गाने आजच्या कमरेएवढ्या बागायती गुलाबात उतरले आहे. मग त्याची ती उंची कोठे गेली? याचे उत्तर चीनमध्ये आहे. तेथील बागांत, केव्हातरी फार पूर्वी, एका गुलाबाच्या एका जनुकात, वाहत्या पाण्यात आडवे यावे तसे, परक्या द्रव्याचे एक लांबलचक शकल येऊन बसले. हा जनुक लगामाचे काम करणारा होता; वसंत सरला, की फुलण्याला मनाई करायची आणि शेंड्याला वाढू द्यायचे, हा त्याचा अंमल. शकलाने तो निकामी झाला, मनाई उठली, आणि त्या गुलाबाचा प्रत्येक शेंडा, ऋतू कोणताही असो, थोडासा वाढून कळीत संपू लागला. झाड ठेंगू झाले आणि बारमाही झाले; या दोन गोष्टी एकाच घटनेच्या दोन बाजू आहेत. चिनी माळ्यांनी ते झाड जपले, अठराव्या शतकाच्या अखेरीस ते युरोपात पोचले, आणि वर्षभर फुलणारे बहुतेक बागायती गुलाब त्याच्या ऋणात आहेत. फ्रेंच आणि जपानी संशोधकांनी २०१२ साली हे सगळे जनुकाच्या पातळीवर उलगडून दाखवले, आणि त्याचबरोबर हेही, की झुडपाची जेव्हा वेल होते, तेव्हा ते परके शकल बहुतांशी सुटून गेलेले असते. त्याची एक लहानशी खूण मागे राहते, पण लगाम पुन्हा बऱ्याच अंशी काम करू लागतो. फांदी लांबते आणि फुले कमी होतात.

म्हणजे आपण ज्याला गुलाबाचे आज्ञाधारक औदार्य म्हणून वाखाणतो, ते नकार देण्याची शक्ती गेल्यामुळे आलेले आहे. त्या झाडाला नाही म्हणता येत नव्हते, म्हणून ते पौषातही फुलत होते आणि भाद्रपदातही. दर छाटणीनंतर, दर ताणानंतर, हजर होत होते. आमच्या गुलाबाच्या एका डोळ्याला ती शक्ती परत मिळाली, आणि मिळताक्षणी त्याने पहिली गोष्ट केली ती फूल नाकारण्याची. त्या उंच फांदीवर साऱ्या पावसाळ्यात एक कळी आली नाही. जानेवारीत एम्प्रेस गार्डनच्या पुष्पप्रदर्शनात बाटल्यांमधून मांडलेली एकेकटी फुले पाहत मी फिरलो, तेव्हा माझ्या मनात आले, की ज्याचे फूल येथे आहे, त्याचे झाड कसे आहे हे कोणी विचारत नाही. आणि विचारावे तरी कशाला, येथे सगळेच होकार देणारे आहेत. ही उपमर्दाची भावना नव्हती, त्यांपैकी काही फुले मला फारच आवडली. परंतु त्या दिवशी घरी परतताना मला घाई झाली होती ती त्या बिनफुलांच्या फांदीकडे जाण्याची.

तिचे करायचे काय, हा प्रश्न अर्थातच शिल्लक होता, कारण खिडकी अजूनही लागत नव्हती. कापण्याचा पर्याय मी फेटाळला. उभी ठेवली असती, तर ती पन्हळीवरून कौलांवर गेली असती आणि फुललीच असती तर फक्त शेंड्याला, जेथे ती कावळ्यांनी पाहिली असती. तिसरा मार्ग जुन्या माळ्यांना पूर्वापार ठाऊक आहे : फांदी आडवी करायची. उभ्या फांदीचा शेंडा ऑक्सिन नावाचे एक द्रव्य खाली पाठवत असतो, आणि त्याच्या हुकमतीखाली वाटेतले सारे डोळे निजून राहतात. फांदी आडवी झाली, की ती हुकमत ढिली पडते आणि एकेका पेऱ्यावरचा डोळा जागा होतो. मात्र हे काम घाईचे नाही. कोवळी फांदी मोडते, तशीच पहाटेची रसरसलेली फांदीही मोडते. ती लाकडाळू द्यावी लागते आणि दुपारच्या वेळी, उन्हाने किंचित मलूल झालेली असताना, दररोज थोडी थोडी ओणवी करावी लागते. खिडकीच्या चौकटीवर भिंतीत खिळे ठोकून मी तार ओढली. माळीबुवांनी हाताला गोणपाटाचा तुकडा गुंडाळून फांदी धरली, मी बुंध्याशी उकिडवा बसून अंगठ्याने वाक सांभाळला, आणि साल कुरकुरली, की दोघेही थांबलो. रोज काथ्याची एक गाठ सोडायची आणि थोडी खाली नवी बांधायची, असे करता करता माघाच्या सुरुवातीस ती फांदी तारेवर सपाट आली.

फाल्गुनात तिच्या पाठीवरचे डोळे लाल होऊन फुगले. प्रत्येकातून वितीएवढी उभी काडी निघाली. काहींनी पुन्हा नुसती पालवीच दाखवली, पण निम्म्याअधिक काड्यांना कळ्या धरल्या, आणि उन्हाळा तापण्याच्या आधी खिडकीच्या चौकटीवर ‘पीस’ची तीच सायरंगी, गुलाबी काठाची फुले ओळीने उघडली. आकार, रंग, फिका वास, काही बदलले नव्हते. खालच्या कमरेएवढ्या झुडपावर त्याच वेळी फुले होती. दोन्हीकडची एकेक पाकळी तळहातावर ठेवली, तर कोणती कोठली हे सांगता आले नसते. फुले गळून गेल्यावर वरची फांदी पुन्हा गप्प झाली आणि उरलेले वर्ष तिने पाने वाढवण्यात घालवले. खालचे झुडूप मात्र आपल्या नित्यक्रमाने दर सहा-सात आठवड्यांनी हजेरी लावत राहिले. एकाच बुंध्यावर दोन कायदे चालू होते. खिडकी आता लागते. जाळीची मागणी मात्र मागे घेण्यात आलेली नाही, कारण मध्यंतरी त्या काड्यांवर मावा पडला होता.

यंदाचा दसरा झाला आणि छाटणीचा दिवस आला. माळीबुवांनी खालचे झुडूप गुडघ्याएवढे करून टाकले आणि मग कात्री तशीच घेऊन तारेकडे वळले. सगळ्या झाडांना एक न्याव, असे त्यांचे म्हणणे. मी त्यांना समजावले, की झुडपापासून झालेली वेल फार खोल छाटली, तर कधीकधी ती मूळपदावर येते आणि पुन्हा झुडूप होते. तेव्हा मुख्य फांदीला हात लावायचा नाही, तिच्यावरच्या फुलून गेलेल्या काड्या दोन-तीन डोळ्यांवर तोडायच्या आणि बाकी काही नाही. त्यांना ते पटले नाही. मूळपदावर आली तर बरेच की, असे त्यांच्या चेहऱ्यावर स्पष्ट लिहिलेले होते. तरी मी सांगितले तेवढेच त्यांनी छाटले, काड्या गोळा करून पाटीत टाकल्या, फांदी सुरुवातीपासून शेवटापर्यंत नजरेने मोजली आणि म्हणाले, “एवढा लांब ठेवलाय तर ह्या झाडाला औंदा दोन पाट्या शेणखत जास्ती लागंल, अण्णा. त्याचं पैसं आजच द्या.”